एक प्यादं ठेवायचं असतं

कोल्हापूर
२० मे, सोमवार

पोरीला चष्मा लागला आणि मला कुणी सांगितलं न्हाय.

एवढ्याशा वयात एवढी जाड काच. डावी काच उजवीपेक्षा जाड हाय, ते पण बघितलं मी. आपल्या घरात कुणाला चष्मा न्हवता. पृथ्वीला न्हवता, त्याच्या बापाला न्हवता, मी अजून सुईत दोरा ओवतो. म्हंजे हा तुझ्या माहेरचा. शेवगा घालतीस का न्हाय पोटात तिच्या? का नुसतं पाकिटातलं?

आता तुला कळलं असंल की मी तिला बघितलं. व्हय, बघितलं. काल. पाऊण तास, समोरासमोर, मधी फक्त एक पट. रागावणार असशील तर आधी सगळं वाच, मग रागव.

क्रांती, तुला आशीर्वाद. खरं हे वर लिवायचं असतं, पण मग चष्म्याचं राहून गेलं असतं.

तू जाताना सांगितलंतंस, "पोरगी कळती झाली की मीच तिला सगळं सांगीन, तवर हातकणंगल्याला कुणी येऊ नका." मी आलो न्हाय. सहा वर्षं झाली. रेल्वेनं अर्ध्या तासाची वाट, एकदा पण पाय टाकला न्हाय. पण मी कोल्हापुरात राहायचं न्हाय असं काय तू म्हणाली न्हवतीस. पोरगी कोल्हापुरात आली, मी कोल्हापुरातच हुतो. त्यात माझी चूक दाखव.

झालं असं. माझा पृथ्वी गेला, तू गेलीस, मग बिद्रीचं घर कुणासाठी झाडायचं म्हणून मी दुसऱ्या लेकाकडं, उदयसिंहाकडं आलो. तिसरा मजला. खालच्या मजल्यावर मीरासाब टेलर राहत्यात. त्यांची मुस्कान कॉलेज झाल्यावर पोरांना बुद्धिबळ शिकवती. दुपारची वर येती आणि मी तिला हरवतो. हरली की म्हणती, "आजी, तुमचे नियम जुने, म्हणून मी फसतो." मी म्हणतो, नियम जुने असू देत बाई, तुझा वजीर तर नवाच हुता, तो कुठं गेला.

तिच्या मोबाईलवर कोल्हापूरच्या स्पर्धेची यादी आलती. तिची पोरं त्यात खेळणार, म्हणून मोठ्यानं वाचत बसलीती. वाचता वाचता म्हणाली, संयोगिता पृथ्वीराज, हातकणंगले. माझ्या कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी मी उठलो न्हाय.

म्हटलं, मला तिथं घेऊन चल.

"आजी, हॉलमधी घरच्यांना सोडत न्हाईत. आईबाप बाहेर जिन्यात बसत्यात. आत फक्त खेळणारे."

मग माझं नाव घाल, म्हटलं.

उदयसिंह जेवता जेवता हसला. म्हणाला, "आई, तिथं घड्याळ लावून खेळत्यात. पहिलीदुसरीतली पोरं तुला रडवून सोडतील." त्याची बायको पण हसली, तोंडावर पदर धरून. हसू देत. मुस्काननं नाव घातलं.

काल गेलतो. मंगल कार्यालय हाय, लग्नातल्याच खुर्च्या, टेबलांवर पांढरं कापड. भिंतीवर यादी लावलेली, त्यात प्रत्येकाच्या नावापुढं आकडा. पोरीच्या नावापुढं तेराशेच्या वर काहीतरी, माझ्या नावापुढं शून्य. शून्याचं मला काय वाटलं न्हाय. मी त्या आकड्यासाठी गेलो न्हवतो. खुर्चीत बसलो की सगळा हॉल दिसत हुता. ती खिडकीकडच्या रांगंत. दोन वेण्या, घट्ट घातलेल्या, त्या तुझ्याच हातच्या. खेळताना जीभ गालात दाबून धरती. ती सवय कुणाची ते मी तुला सांगायला पायजे असं न्हाय.

पहिल्या दोन फेऱ्या आम्ही दोघी हरलो, वेगवेगळ्या ठिकाणी. तिसऱ्या फेरीला भिंतीवर नवीन कागद लागला आणि मुस्कान धावत आली. गाठ पडली हुती. पोरीची आणि माझी. नशीब म्हणायचं.

ती आली, खुर्ची पुढं ओढली, हात पुढं केला. तिथं तशी पद्धत हाय, आधी हात मिळवायचा. हात गार हुता. "नमस्कार आजी," म्हणाली. मला वाटलं, ओळखलं हिनं. मग त्या हॉलमधी पाणी ठेवायला येणाऱ्या बाईला पण ती आजीच म्हणाली, तवा कळलं की केस पांढरे बघून म्हणती.

आणि क्रांती, बोलायचं न्हाय. तिथला नियम. तोंडातनं शब्द काढायचा न्हाय. मी सवयीनं एकदा "शह" म्हटलं, तर पंच आला आणि म्हणाला, "आजी, इथं बोलत नाहीत." सहा वर्षांनी माझी नात माझ्यासमोर बसली, हात लांब केला तर वेणी हाताला लागंल एवढ्यावर, आणि शाळेतल्यासारखं तोंडावर बोट. मी पट बघायचं सोडून तिलाच बघत हुतो. माझं घड्याळ पळत हुतं, पळू दिलं.

ती हुशार हाय. पहिल्या धा चाली तिनं अशा टाकल्या जसं पाढे म्हणती. पाठ केलेल्या. पुढं मी असलं काय काय खेळलो की ते तिच्या पुस्तकात न्हवतं, मग ती थांबायला लागली. तिचा एक उंट मारला, मग हत्ती. शेवटी तिच्याकडं राजा आणि घोड्याच्या पट्टीतलं एक प्यादं. माझ्याकडं हत्ती, वर दोन प्यादी. डाव माझा हुता.

ते प्यादं मला मारता येत हुतं. न्हाय मारलं.

तुला कारण माहीत हाय. आपल्या जुन्या नियमात राजा एकटा उघडा पडला की बुर्जी, जिंकलेला डाव अर्ध्यावर येतो, आणि बघणारे म्हणत्यात खेळता येत न्हाय वाटतं. म्हणून समोरच्याचं एक प्यादं ठेवायचं असतं, मग मात करायची. तुझ्या सासऱ्यानं मला तसंच शिकवलं, मी तुला तसंच शिकवलं. आणि घोड्याच्या पट्टीतलं प्यादं शेवटाला पोचलं तरी घोडाच होणार, घोड्याला माझा हत्ती बघून घेईल. मुस्काननं आदल्या दिवशी चारदा सांगितलं हुतं की तिथं बुर्जी न्हाय, आणि कुठलं पण प्यादं पोचलं की वजीर होतो. कानानं ऐकलं, हातानं ऐकलं न्हाय.

मी तिच्या राजामागं हत्ती घेऊन हिंडत बसलो. ते प्यादं चाललं. पोचलं. पोरीनं बाजूला पडलेला वजीर उचलला आणि तिथं ठेवला, असा हळू, जसं दुधाचं पातेलं ठेवत्यात. मग मला सुधरलंच न्हाय. मात झाली.

हात मिळवला, बाहेर आलो, तर पोरगी माझ्या मागनं जिन्यात. तोंड फुगवलेलं. म्हणाली, "आजी, तुम्ही मला मुद्दाम सोडलं का?"

"न्हाय."

"मग प्यादं का न्हाय मारलं? केव्हाच मारता येत हुतं."

"एक ठेवायचं असतं," म्हटलं.

ती म्हणाली, "आमची आई पण एक ठेवती. तिला तिच्या सासूनं शिकवलंय."

मी म्हटलं, "कुठं असती ती सासू?"

"काय माहीत. विचारलं की आई भांडी घासायला लागती."

मी सांगितलं न्हाय, क्रांती. तोंडात आलेलं गिळलं. तू सांगणार म्हणाली हुतीस, म्हणून. पण आता सांग. पोरगी कळती झालीय. जिला प्यादं का सोडलं ते विचारायचं कळतं, तिला आजी का सोडली ते पण कळंल. पोरीला माहीत हाय बाप गेला. आजी हाय का गेली ते तिला माहीत न्हाय, हे काय बरं न्हाय.

उरलेल्या फेऱ्या मी जिंकलो. एक ढाल मिळाली, सगळ्यात वयस्कर खेळाडू म्हणून. खेळाबद्दल न्हाय, म्हातारपणाबद्दल. सिलिंडरवर ठेवलीय.

बयाबाई


कोल्हापूर
२ जून, रविवार

पत्र पोचलंय. मुस्काननं पोस्टाचं मोबाईलवर बघितलं, सही पण तुझीच हाय म्हणती. म्हंजे वाचलंस आणि भांडी घासायला गेलीस.

मग मी पण जे लिवायचं न्हवतं ते लिवतो.

गाठ नशिबानं पडली असं मी म्हटलं, ते अर्धं खरं. मुस्काननं मला आधी समजावून सांगितलं हुतं की ज्यांचे गुण सारखे, त्यांची गाठ घालत्यात. जिंकणारे जिंकणाऱ्यांबरोबर, हरणारे हरणाऱ्यांबरोबर. पहिल्या फेरीत पोरीच्या समोर त्या स्पर्धेतला सगळ्यात मोठ्या आकड्याचा माणूस आलता, ती हरणारच हुती. मी पण हरलो, ते मात्र खरोखर, घड्याळाचं बटन दाबायचंच विसरत हुतो. दुसऱ्या फेरीला माझ्या समोर एक बँकेतले साहेब. टाय लावून आलते रविवारचे. त्यांचा डाव मी पार मोडून ठेवला. दोन चालीत मात हुती.

खेळताना उठून फिरलेलं चालतं तिथं. मी उठलो, गुडघा मोकळा करतोय असं दाखवलं आणि पोरीच्या टेबलामागनं गेलो. बघितलं तर तिच्या राजाला जागाच न्हाय. हरणार. तोंड एवढंसं झालेलं.

परत येऊन बसलो आणि माझा वजीर त्या साहेबांच्या प्याद्यासमोर नेऊन ठेवला.

साहेबांना वाटलं यात काहीतरी डाव हाय. किती वेळ हात लावेनात. शेवटी मीच बोटानं दाखवलं, घ्या की. घेतला. मग हत्ती दिला. घामाघूम झाले ते, टाय सैल केला. जिंकल्यावर मला म्हणाले, "तुम्ही ठीक आहात ना, आजी?" ठीक नसायला काय झालंय, म्हटलं. शून्यावर राहिलो, पोरगी पण शून्यावर राहिली. शून्यात पंधरावीस जण हुते. त्यातनं तिच्यासमोर माझं नाव आलं, एवढं नशीब.

ती हरावी म्हणून मी तिथं अंबाबाईला हात जोडले. शिव्या घाल. पण तिच्यासमोर जे हरलो ते मुद्दाम न्हवं, एवढं तिला सांग. तो वजीर तिनं कमावलाय. तो कुणी दिला असं तिला वाटता कामा नये.

आणि तुझ्या नवऱ्याचं, यशराजरावांचं. ते ओळखत न्हाईत मला, पण मी त्यांना बघितलं. ती दुसरा डाव हरून बाहेर आली तवा मी मागच्या पायरीवरच बसलो हुतो, नाव ठेवायला काय मिळतंय का बघत. पोरीनं मान खाली घातलेली. त्यांनी का हरलीस असं विचारलं न्हाय. डबा उघडला आणि म्हणाले, "आधी भडंग का आधी काकडी?" ती म्हणाली, "बाबा, भडंग." झालं. एवढंच बोलणं. तिच्या चपलेचा बंद सुटलेला, तो त्यांनी खाली बसून लावला, भडंगाची मूठ तोंडात धरून. मला नाव ठेवायला काय सापडलं न्हाय. त्याचाच जास्त राग आला.

ती त्यांना बाबा म्हणती. म्हणू दे. तरी तू तिचं नाव बदललं न्हाईस. मला वाटलं हुतं बदललं असशील. शाळेत किती कटकट झाली असंल, प्रत्येक ठिकाणी बापाचं नाव एक आणि घरात माणूस दुसरा. तरी पृथ्वीराज तसंच ठेवलंस. हे तू केलंस ते मला स्पर्धेच्या कागदावर कळावं, व्हय?

मी तुझ्या लग्नाला आलो न्हाय, ते तुझ्या मनात हाय. मला ठाऊक हाय. तू स्वतः पत्रिका घेऊन बिद्रीला आलतीस. पण तूच सांग, सासूनं सुनेच्या लग्नात कुठल्या बाजूला उभं राहायचं? मुलीकडनं का मुलाकडनं? जेवणाच्या पंगतीत कुणी विचारलं असतं, पावणं कुणाकडचं, तर मी काय सांगणार हुतो? मुलगा गेलेल्यांकडचं? मी अजून म्हणतो, आलो न्हाय ते बरोबर केलं. तू अजून म्हणतीस, यायला पायजे हुतं. ते तसंच राहू दे. दोघींनी आपापलं धरून ठेवावं. पण त्याच्या मधी पोरगी कशाला?

तू नवीन आलीस बिद्रीला, तवा साखर कारखान्याचा हंगाम संपलेला. तुझा सासरा दिवसभर कट्ट्यावर पट मांडून, पृथ्वी नोकरीवर, आणि आपण दोघी घरात. तुला मी आवडत न्हवतो, मला तू. पहिल्या दिवशी हरलीस आणि पट उलथून आत निघून गेलीस. एक घोडा चुलीत पडला, अर्धा जळला. तवा मी म्हटलं, ही राहील, हिला शिकवूया. मग भाकरी झाल्या की रोज बसायचो. बोलायचो न्हाय फार. तू हत्ती लवकर बाहेर काढायचीस, मी ओरडायचो. कधी कधी उन्हं उतरून गेलेली कळायची न्हाईत.

उदयसिंहाच्या घरात सगळं हाय. एसी पण बसवलाय. मुस्कान येती, पण तिला क्लास असतो, घड्याळ बघत खेळती. बाकी दुपार माझ्या अंगावर येती.

असो. पोरीला सांग. तिला यायचं असंल तर येऊ दे, नसंल यायचं तर राहू दे, मी पुन्हा कुठल्या स्पर्धेत नाव घालणार न्हाय. पण सांग.

बयाबाई


कोल्हापूर
१० जून, सोमवार

काल साडेअकराला बेल वाजली. उदयसिंहानं दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. आत या म्हणायचं पण सुचलं न्हाय त्याला. यशराजराव, हातात केळ्यांची पिशवी, आणि त्यांच्या मागं पोरगी.

यशराजराव पाया पडले. मी पडू दिलं. पोरगी न्हाय पडली. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही मला तवाच का न्हाय सांगितलं?"

"तुझ्या आईला विचार."

"आई म्हणाली तुम्हाला विचारायचं."

"मग आम्ही दोघी मिळून ठरवून सांगू."

"कधी?"

 पट आण म्हटलं, कपाटावर हाय.

तू सांगितलंस तिला. काय सांगितलंस, किती सांगितलंस, मी विचारलं न्हाय. पण एक सांगितलेलं दिसलं. जेवताना ती म्हणाली, "आजी, तुम्ही लग्नाला आला न्हाईत, कारण तुम्हाला उभं राहायला जागा न्हवती, व्हय?" हे तर माझंच वाक्य. म्हंजे तू माझं पत्र तिला तसंच वाचून दाखवलंस, तुझी बाजू लावली न्हाईस. मी भाकरी परतायची विसरलो.

आपल्या नियमानं खेळायचं म्हणाली. दोन डाव हरली. पट उलथला न्हाय, एवढा तुझ्यापेक्षा शहाणपणा हाय. तिसरा मांडला. यशराजराव आणि उदयसिंह बाहेरच्या खोलीत उसाच्या दरावर बोलत बसले, जसं काय जन्माचे दोस्त. तिसऱ्या डावात यशराजरावांचा फोन वाजला. थोड्या वेळानं परत वाजला. ते म्हणाले, "पाच मिनिटं." मी म्हटलं, एवढं कोण घाईचं? पोरगीच म्हणाली, पटावरची नजर न काढता, "आई हाय. खाली गाडीत बसलीय."

सकाळी साडेअकरापासनं. जूनच्या उकाड्यात. दीड वाजला हुता.

मी गॅलरीत आलो. मेडिकलच्या पुढं पांढरी गाडी. काच खाली, तुझा हात बाहेर. बांगड्या हिरव्या हुत्या. कोपर दाराला टेकवून बोटं वाजवत हुतीस दारावर. तुला वाट बघायला लागली की तू तसंच करतीस. मी चाल विचार करून टाकायला लागलो की पटाच्या कडंला तशीच टिकटिक चालायची तुझी.

मी हाक मारली न्हाय. खाली आलो न्हाय. गुडघे दुखत्यात म्हणून न्हाय आलो असं लिवणार हुतो, पण बाजाराला मी रोज उतरतो, ते उदयसिंह पण सांगंल. आणि तू मान वर केली न्हाईस. गॅलरीत माझं लुगडं वाळत हुतं, नऊवारी, अख्ख्या बिल्डिंगीत दुसरं कुणी नेसत न्हाय. कुठलं घर ते तुला कळलं न्हाय असं मला सांगू नको.

परत येऊन बसलो. पोरीनं हत्ती पुढं काढून ठेवला हुता, एवढ्या लवकर. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिचा हात पटावरच हुता, आखूड बोटं, अंगठ्याचं नख रुंद. पृथ्वीची बोटं लांब हुती, ही तुझी.

सहा वर्षं मी ह्याला त्याला सांगत आलो की माझी नात न्हाय मला. देवाला पण तेच सांगितलं. नात आली. जेवली, भांडली, दोनदा हरली, तिसऱ्याला बरोबरीत सुटली, जाताना गळ्यात पडली. आणि गाडी गल्लीच्या तोंडाला वळल्यावर मी आत येऊन पट आवरायला घेतला, तर दुपार आदल्या दिवशीसारखीच. जरा पण कमी झाली न्हवती. मग मला कळलं, मी नाव अर्धंच घेत हुतो, नातीचं; तुझं घेतलंच न्हवतं.

पोरगी सुट्टीत येणार म्हणालीय. यशराजराव आणून सोडणार म्हणालेत. माणूस बरा हाय, लिवून ठेव, परत म्हणणार न्हाय. ते दोघं कधी पण येऊ देत, त्यांच्यासाठी मला पत्र लागत न्हाय.

आता तुझं. तू वर यायची हाईस का न्हाईस? यायचं असंल तर वार कळव, म्हंजे त्या दिवशी मी उदयसिंहाला आणि त्याच्या बायकोला जोतिबाला पाठवतो, घरात तिसरं माणूस नको. यायचं नसंल तर न्हाय म्हणून लिही, मी वाट बघायची बंद करतो, मला जमतं ते. पण गाडीत बसून बोटं वाजवायची न्हाईत.

यशराजरावांनी फोन करायचा न्हाय. पोरीनं मुस्कानच्या मोबाईलवर काय पाठवायचं न्हाय. उत्तर तू द्यायचंस, तुझ्या हातानं लिवून.

बयाबाई